तेल घेऊन फादर आले तेव्हा

प्रार्थनासभेत साक्ष देतात, तशी ही साक्ष नाही. त्या साक्षीचा साचा मला पाठ आहे. मी आजारी होते, डॉक्टरांनी हात टेकले, मी प्रार्थना केली, मी बरी झाले. मग टाळ्या. मधल्या दिवसांबद्दल कोणी बोलत नाही आणि मधलेच दिवस फार असतात.

हे मी लिहिते आहे ते आत्ता एखाद्या खाटेवर पडून दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा वाचणाऱ्या माणसासाठी. ही बाई आज इतकी गोड का बोलली? डॉक्टरांनी फाइल पालथी का ठेवली? आई डोळे धुऊन का आली? तुम्हाला वाटत असेल, आपण संशयी झालो, आपली श्रद्धा आटली. मीही तशीच होते. त्या संशयासकट मी बरी झाले आणि त्या संशयासकटच मी प्रार्थना करते.

पत्रकांच्या घरात

आमचं घर वसईच्या पश्चिमेला, केळी आणि मोगऱ्याच्या वाडीत. मी आठ वर्षांची असल्यापासून ओट्यावर बसून पत्रकांच्या घड्या घालत आले. आमच्या विहिरींचं पाणी टँकरनं उपसून नेतात त्याविरुद्ध, वाड्या गिळणाऱ्या बिल्डरांविरुद्ध, खोटे सातबारे करणाऱ्यांविरुद्ध. पत्रकं पप्पा लिहायचे. सायक्लोस्टाइलची शाई त्यांच्या नखांतून कधी गेलीच नाही. त्यांचे तीन नियम होते. सिद्ध करता येणार नाही असं वाक्य लिहायचं नाही. पत्रकाखाली पूर्ण नाव घालायचं. आणि वाचल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करायची नाही.

तेवीस वर्षांची होईपर्यंत मी स्वतः पत्रकं लिहू लागले होते. शाळेत शिकवत होते. तलाठ्यापासून वर्तमानपत्रापर्यंत सगळ्यांवर संशय घ्यायला मी शिकले होते. घरच्यांवर संशय घ्यायला मात्र मला कोणी शिकवलं नव्हतं. ते मी आजारपणात शिकले.

पाठ चार-पाच महिने दुखत होती. मी दोष दिला सायकलला, मग शाळेतल्या खुर्चीला. ताप यायचा, संध्याकाळी यायचा आणि जायचा. मग एक दिवस बाजारातून घरी आले तर आई म्हणाली, "स्टेला, उजवी चप्पल कुठाय?"

मी खाली पाहिलं. पाय अनवाणी होता. चप्पल रस्त्यात कुठे निसटली ते माझ्या पायाला कळलंच नव्हतं.

उसाचा रस

मुंबईत जाऊन पाठीचे एक्स-रे काढले. डॉक्टरांनी ते उजेडावर धरले, बराच वेळ पाहिले आणि मला म्हणाले, "बेटा, तू जरा बाहेर बस."

मी तेवीस वर्षांची. पाठ माझी. आणि बाहेर मी बसायचं.

दहा मिनिटांनी पप्पा आले. "मणक्याला सूज आहे. छोटंसं ऑपरेशन करावं लागेल. बरं होईल." मग रस्त्यावर मला उसाचा रस पाजला. ज्या माणसानं जन्मभर आम्हाला बाहेरचं पाणीही पिऊ दिलं नाही, तो माणूस "अजून एक ग्लास घे" म्हणाला. त्या दुसऱ्या ग्लासाला मी घाबरले.

"पप्पा, डॉक्टर अजून काय म्हणाले?"

"काही नाही गं. सूज."

सिद्ध करता येणार नाही असं वाक्य ते माझ्या तोंडावर बोलत होते. ते मला कळत होतं आणि मला ते कळतंय हे त्यांनाही कळत होतं.

वॉर्ड

ऑपरेशन वसईतच, धर्मभगिनी सिस्टरांच्या दवाखान्यात होणार होतं. मुंबईचे सर्जन आठवड्यातून दोनदा तिथे येत. बायकांच्या वॉर्डात सहा खाटा होत्या. पहाटे चॅपेलमधून प्रार्थनेचा आवाज यायचा, त्यानंतर थर्मामीटर, मग चहा, मग ओल्या फडक्यानं अंग पुसणं. पायाच्या अंगठ्यापाशी सिस्टर कापसानं शिवायच्या आणि विचारायच्या, "कळतंय?" रोज मी थोडं उशिरा "हो" म्हणायचे.

माझ्या शेजारच्या खाटेवर परबकाकू होत्या. मूळच्या मालवणच्या, आता विरारला मनवेलपाड्यात. मांडीचं हाड मोडलेलं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी सगळी माहिती काढून घेतली.

"बापूस काय करता तुझो?"

"वाडी आहे आमची. आणि टँकरविरोधी चळवळीत आहेत."

काकू कोपरावर उठल्या. "टँकर? आमच्याकडे येणारे टँकर?"

"आमच्या विहिरी आटल्या काकू त्या उपशानं. केळी करपली."

"अरे देवा! म्हणजे तुझ्या बापाशीन आमचा पाणी तोडल्यान काय गो! दहा दिवसांनी टँकर आला नि हंडे घेऊन सगळी चाळ धावली, त्यात माझी ही मांडी गेली. आणि मी पडलंय कोणाशेजारी, तर त्याच्या पोरीशेजारी!"

मी तावातावानं सांगायला लागले: पाण्याची योजना सरकारनं आणायला हवी, बिल्डरांनी पाण्याची सोय न करता इमारती बांधल्या...

"ता सगळा खरा," काकू म्हणाल्या. "पण ता पत्रक तू माका हंडो भरल्यावर वाचून दाखव."

आमच्या पत्रकांत मनवेलपाड्याची मांडी कुठेच नव्हती. हे मला तिथे पडल्या पडल्या कळलं, आणि मी काकूंवर चिडले. त्यांनीच मला पहिल्या आठवड्यात हसवलं, हेही लिहायला हवं.

गोड माणसं

भेटायला येणारे सगळे फार गोड वागत. बँकेतल्या दादानं रजा काढली होती. सुजेसाठी कोण रजा काढतं? आई उशाशी जपमाळ घेऊन बसायची आणि मी डोळे उघडले की मणी मोजायचं थांबून हसायची. माझी फाइल खाटेच्या पायाशी टांगलेली असायची, ती तिसऱ्या दिवशी सिस्टरांच्या टेबलावर गेली.

चौथ्या दिवशी फिलोमावशी तिच्या प्रार्थना मंडळातल्या चौघींना घेऊन आली. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवले, मोठ्यानं स्तुती केली, एक तर रडलीच. शेवटी मावशी म्हणाली, "स्टेला, श्रद्धा धर. धरलीस तर चाकू लागायचाही नाही."

"आणि चाकू लागला तर माझी श्रद्धा कमी पडली, असंच ना मावशी?"

"शंका म्हणजे सैतानाला उघडं ठेवलेलं दार."

"मग तुझा चष्मा काढ. देवानं डोळे दिलेत ना?"

आई म्हणाली, "पुरे गं." मावशी निघताना तिच्या कानाशी कुजबुजली आणि माझ्याकडे बघून पुन्हा गोड हसली. त्या रागात मी देवालाही सोडलं नाही. त्याला म्हटलं, तूही यांच्यातलाच दिसतोस. तुलाही माहीत आहे आणि तूही सांगत नाहीस.

सही

पाचव्या दिवशी सर्जन संमतीपत्र घेऊन आले. मी ते पहिल्या ओळीपासून वाचलं. आजाराचं नाव लिहायच्या जागी इंग्रजीत नुसतं 'मणक्यातील व्याधी' अशा अर्थाचं काहीतरी होतं.

"डॉक्टर, कुठली व्याधी?"

त्यांनी पप्पांकडे पाहिलं. तेवढं मला पुरलं.

"नाव कळल्याशिवाय सही करणार नाही."

"बेटा, उशीर चांगला नाही. पायांवर परिणाम होतोय."

"मग लवकर सांगा."

डॉक्टर पप्पांना बाजूला घेऊन बोलले. पप्पा मान हलवत राहिले. मी सज्ञान, शुद्धीवर असलेली, त्यामुळे माझ्याऐवजी दुसऱ्याची सही ते घेणार नव्हते. याचा मला अभिमान वाटला. तत्त्वासाठी मी माझे पाय पणाला लावते आहे, असं काहीतरी मोठं माझ्या डोक्यात होतं. आणखी तीन दिवस गेले. आठव्या दिवशी सकाळी सिस्टरांनी कापूस फिरवला, तो मला कळलाच नाही. मग त्या म्हणाल्या, "पाऊल वर उचल." मी उचललं. म्हणजे डोक्यातल्या डोक्यात उचललं. पाऊल चादरीवर तसंच पडून होतं.

  तत्त्व वगैरे सगळं त्या एका पावलाएवढं झालं होतं. तरीही सही करायला हात उठेना. ज्यांच्यावर विश्वास नाही त्यांच्या हातात पाठ कशी द्यायची?

तेल

त्याच दुपारी वॉर्डाच्या दारात आमच्या गावचे म्हातारे फादर उभे राहिले. हातात छोटी धातूची डबी. मागे आई, पदराचं टोक तोंडात.

हे वाचणाऱ्या बाहेरच्या लोकांसाठी थोडं सांगते. आमच्यात आजाऱ्याला फादर तेल लावतात, कपाळाला आणि तळहातांना. चर्चच्या शिकवणीप्रमाणे ते आजाऱ्यासाठीच आहे, कुठल्याही गंभीर आजारात, ऑपरेशनच्या आधीसुद्धा. पण आमच्या गावात त्याला सगळे 'शेवटचं तेल' म्हणत. डबी घेऊन फादर कुणाच्या घरात शिरले की शेजारची माणसं हातातली कामं टाकत आणि कुणीतरी शवपेटीवाल्याला निरोप देई. माझ्या आजीला तेल लावलं तेव्हा तिची वाचा गेली होती. तासाभरात ती गेली. तेल म्हणजे मरण, म्हणून लोक फादरना बोलवायचं टाळत. जीव अगदी घशाशी आला की बोलवत. मग तेल लावलेला माणूस मरेच. आणि तो मेला की पुढचं घर आणखी टाळे. असं किती वर्षं चाललं होतं कोण जाणे.

मी डबी पाहिली आणि ओरडले, "कोणी बोलावलं यांना?"

सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. आई रडायला लागली. "मीच, बाय. मीच बोलावलं. पप्पांना ठाऊक नाही."

"म्हणजे मी मरतेय. सांगा ना एकदाचं! आठ दिवस नाटक चाललंय!"

फादर स्टुलावर बसले. डबी त्यांनी खिशात टाकली. म्हणाले, "तुझ्या आईनं ईस्टरआधीच्या उपवासकाळात माझं प्रवचन ऐकलं. ऑपरेशनच्या आधी तेल घ्यावं असं मी सांगितलं होतं. सगळ्या गावात एकटीनं ऐकलं वाटतं. ती सकाळी चालत आली. कोणी पाहू नये म्हणून मागच्या दारानं."

"मला काय झालंय फादर?"

"मला सांगितलेलं नाही."

"खोटं."

"मी विचारलंही नाही."

"मी मरणार आहे का?"

"मरणार. मी तुझ्या आधी, बहुतेक. या आजारात मरशील का, ते मला ठाऊक नाही. चालशील का, तेही ठाऊक नाही."

आठ दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी "ठाऊक नाही" म्हणालं होतं. बाकी सगळ्यांना सगळं ठाऊक होतं: बरं होईल, चाकू लागणार नाही, सूज आहे. मी त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. दाढीचे खुंट, उन्हानं आलेला घाम. लपवलेलं काही सापडेना.

"आणि तेल लावून काय होणार?"

त्यांनी बगलेतलं पुस्तक माझ्या छातीवर ठेवलं. "वाच. तुझ्या बापाची मुलगी आहेस, वाचल्याशिवाय घेणार नाहीस. आणि तू 'नको' म्हणालीस तर मी लावणार नाही. हे जबरदस्तीनं देता येत नाही."

मी वाचलं. सरकारी कागद वाचते तसं, फसवणूक शोधत. मरणाचा शब्द कुठे लपलाय ते शोधत. तो नव्हता. आजाऱ्याला बळ मिळावं, त्याच्या मनातली भीती हलकी व्हावी, त्याला क्षमा मिळावी, त्यानं उठावं, एवढंच मागितलं होतं. बरं करूच, असं आश्वासनही कुठे नव्हतं. इतका प्रामाणिक कागद मी बऱ्याच दिवसांत वाचला नव्हता.

"घेईन," मी म्हटलं. "पण आधी पप्पांनी खरं सांगायचं. त्यांनी सांगितल्याशिवाय नाही."

फादर उठले आणि स्वतः बाहेर गेले. पप्पा ओसरीत होते. थोड्या वेळानं ते आत आले आणि खाटेच्या लोखंडी दांड्याला धरून उभे राहिले.

"दोनपैकी एक असेल," ते म्हणाले. "क्षय असेल, नाहीतर कॅन्सर. उघडून तुकडा काढल्याशिवाय कळणार नाही. क्षय असला तर गोळ्यांनी बरा होतो. दुसरं असलं तर... ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही."

"मला का नाही सांगितलं?"

"कागदावर मी काहीही लिहू शकतो गं. तुझं तोंड समोर आलं की जमेना."

मी त्यांच्यावर ओरडणार होते. तयारी आठ दिवसांची होती. पण दांडा सोडला तर ते पडतील असं वाटलं, म्हणून मी फक्त म्हटलं, "बसा." ते बसले. कॅन्सर हा शब्द आता आमच्या दोघांच्या मध्ये होता आणि मला कालच्यापेक्षा कमी भीती वाटत होती. याचं मला आजही नवल वाटतं.

फादरनी डबी काढली. जैतुणाच्या तेलाला फारसा वास नव्हता. त्यांचा अंगठा खरखरीत होता, वाडीत काम करणाऱ्याचा असतो तसा. कपाळावर क्रूस, मग दोन्ही तळहातांवर. वीज चमकली नाही. पावलात मुंग्याही आल्या नाहीत; मी लगेच हलवून पाहिलं. घडलं ते एवढंच की डोळे मिटल्यावर मला पुन्हा उघडून कोणाचा चेहरा तपासावासा वाटला नाही. कितीतरी दिवसांनी.

शेजारून आवाज आला, "फादर, माझ्या मांडीक पण लावा की जरासा!"

फादर हसले. "काकू, हे तेल बाप्तिस्मा झालेल्यांसाठी. पण प्रार्थना करतो, ती चालेल?"

"चालेल. पण माका म्हाताऱ्या माणसाचो हात डोक्यावर होयो. तेल घरी आसा."

त्यांनी काकूंच्या डोक्यावर हात ठेवला. नंतर काकू मला म्हणाल्या, "माणूस बरो आसा. तुझ्या बापाशीपेक्षा बरो." पप्पा तिथेच होते. त्यांनी ऐकून घेतलं.

संध्याकाळी मी सही केली.

गोळ्यांचे महिने

तुकड्याचा रिपोर्ट यायला आठवडा लागला. रिपोर्ट घेऊन डॉक्टर थेट माझ्या खाटेपाशी आले आणि मला सांगितलं. क्षय. मणक्याचा क्षय. त्या आठवड्यात मी रोज प्रार्थना केली आणि रोज मनात म्हटलं, तू ऐकतोस की नाही, मला ठाऊक नाही. देवाशी बोलण्याची ती रीत मी फादरांकडून उचलली.

मग तीन महिने फळीवर पाठ, दीड वर्ष गोळ्या, पाठीला पट्टा. लघवी केशरी व्हायची. पहिल्या दिवशी मला वाटलं रक्तच. गोळ्यांनी मळमळायचं. पाऊल हळूहळू परत आलं, आधी अंगठा. आई माझ्यासमोर बिनधास्त रडू लागली, तेवढंच घरात मोकळं झालं. पप्पा आणि मी मात्र बराच काळ जपून बोलत होतो. ते एकदा मला पत्रकाचा मसुदा दाखवायला आले. मी त्यात मनवेलपाड्याच्या हंड्यांबद्दल चार ओळी घातल्या. ते चिडले, मग त्यांनी त्या ठेवल्या.

चौथ्या महिन्यात फिलोमावशी म्हणाली, "आता बरी दिसतेस. सभेत साक्ष दे. आणि गोळ्या आता सोड, देवावर विश्वास दाखव." दादाच्या लग्नाची बोलणी चालू होती, म्हणून ती क्षयाऐवजी 'मणक्याचा त्रास' असंही सांगत फिरत होती. मी सभेत गेले. ऑपरेशन, गोळ्या, तेल आणि क्षय, सगळं सांगितलं. "गोळ्या सोडू नका" हे दोनदा सांगितलं. टाळ्या थोड्या पडल्या. मावशी महिनाभर बोलली नाही. दादाचं लग्न झालं.

कशानं बरी झाले, असं तुम्ही विचाराल. शरीर ऑपरेशनानं आणि गोळ्यांनी. यावर मी पत्रकाखाली घालते तसं पूर्ण नाव घालायला तयार आहे. पण पाठ दुसऱ्याच्या हाती द्यायला आणि मग गोळ्या घ्यायला मी तयार झाले, ती त्या दुपारी. त्याला मी कृपा म्हणते. दुसरा शब्द शोधून पाहिला, मिळाला नाही.

लॉरेन्सकाका

गोळ्या संपून वर्ष झालं असेल. आमच्या आळीतल्या जेसिंताकाकी घरी आल्या. त्यांच्या नवऱ्याला, लॉरेन्सकाकांना, त्याच दवाखान्यात ठेवलं होतं. पोटाचं ऑपरेशन ठरलं होतं.

"तेल लावून घ्यायचंय बाय, पण फादर दिसले की ते घाबरतील. तू आधी जा, समजाव. तेल लावल्यावरही तू चालतीफिरती आहेस ना. फक्त..." त्या थांबल्या. "आजाराचं नाव काढू नकोस. त्यांना अल्सर सांगितलाय."

मी "बरं" म्हटलं. खरंच म्हटलं. त्यांचं तोंड समोर आल्यावर मलाही जमेना. वाटेत मी दोनदा परत फिरायला निघाले.

पुरुषांच्या वॉर्डात काका खिडकीपाशी होते. मोठा धिप्पाड माणूस, आता गाल आत गेलेले. मी दारातून खाटेपर्यंत गेले तेवढ्या वेळात त्यांनी माझा चेहरा पूर्ण वाचला. मला ती नजर ओळखीची होती.

"ये. तुलाही पढवून पाठवलं ना?"

"हो काका."

"काय सांगू नकोस म्हणाले?"

मी स्टूल ओढलं, पण बसले नाही. बाहेर जेसिंताकाकी भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी दारात जाऊन म्हटलं, "काकी, आत या. काका विचारताहेत."

त्यांनी मान हलवली, नाही, नाही. मी त्यांचा हात धरला. हात गार होता. त्या आत आल्या, खाटेच्या कडेला बसल्या आणि नवऱ्याच्या पायावरची चादर सारखी करत राहिल्या. बोलायला त्यांना फार वेळ लागला. काका आणि मी थांबलो. शेवटी चादरीकडे बघतच त्या म्हणाल्या, "अल्सर नाही तो."